पिवळा साबुदाणा

साबुदाणा कढईत पिवळाधम्मक झाला आणि कांताला वाटलं, काय झकास रंग आला! ताटलीत काढून, वरून ओलं खोबरं किसून ती बाहेर घेऊन गेली.

गुणाबाईंनी ताटली हातात घेतलीच नाही. खुर्चीतूनच वाकून पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हळद उपासाले चालत नाई, कांताबाई."

कांता मेल्याहून मेली. पण तिचं तरी काय चुकलं? तिच्या सासऱ्यानं छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली आणि देव नि उपास दोन्ही घराबाहेर काढले. त्या घरात उपासाचा साबुदाणा कधी शिजलाच नव्हता. हळद चालते की नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार?

ठाऊक असायला हवं होतं, कारण लेकीचं लग्न अडलं होतं. तिची संघप्रिया आणि गुणाबाईंचा रोशन, दोघांचं ऊर्जानगरच्या बसमध्ये जुळलं. संघप्रियाच्या डब्यातली पातोडी खाऊन खाऊन आपण प्रेमात पडलो, असं रोशन स्वतःच सगळ्यांना सांगायचा. जात वेगळी. तरी गुणाबाईंनी नकार दिला नाही. नवरा गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालायचा. त्या म्हणाल्या, साक्षगंधाची तारीख काढायच्या आधी दोन्ही घरं दोन-तीन दिवस संगं राहून पाहू. चहा-पोह्यांनी माणसं कळत नाहीत. कांताचा नवरा हरिदास इतका हरखला की त्यानं मोहर्लीच्या जंगलात रिसॉर्टचं कॉटेजच घेतलं, तेही मुद्दाम स्वयंपाकघर असलेलं. कांताच्या हाताला चव आहे, एकदा जेवल्या की बाई विरघळतील, असा त्याचा होरा.

कांतानं तर घरचं एक भांडं आणलं नाही. गोल बाजारातून कुकर, कढई, ताटल्या, सगळं कोरं घेतलं. कुकरवरचा चिकटवलेला कागदही तिनं काढला नव्हता. दिसू दे म्हणाली.

शुक्रवारी पोचल्या पोचल्या तिनं वरण-भात, पोळ्या आणि आलू-वांगं केलं, तर गुणाबाईंचा संतोषीमातेचा उपास निघाला. शनिवारी मारुतीचा, म्हणून सकाळी तो पिवळा साबुदाणा. त्या आपल्याच पिशवीतलं केळं काढत, स्वतः सोलत आणि खात. पाणीही आपल्या बाटलीतलं, डॉक्टरनं उकळलेलंच प्यायला सांगितलंय म्हणे. कांतानं पपई चिरून पुढे केली तर पपईनं त्यांना उष्णता होत होती. जरा पाय मोकळे करून येते म्हणून त्या दोन्ही वेळा फिरायलाही जात, तेही उपाशीपोटी! किती नेमाची बाई, असं कांता नवऱ्याजवळ कौतुकानं बोलली. भोळी ती भोळीच.

रोशन मात्र जेवत होता. ताटावर बसला की उठायचं नाव नाही. पहिल्याच घासाला त्यानं कांताला आई म्हटलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी संध्याकाळी तिनं बिनहळदीचा साबुदाणा केला, पांढराशुभ्र. गुणाबाईंनी मीठ कोणतं ते विचारलं. साधंच होतं. उपासाला शेंदेलोण लागतं, म्हणाल्या, आणि केळं सोलायला घेतलं.

रविवारी कांता शेंदेलोण मागायला रिसॉर्टच्या कॅन्टीनच्या मागच्या दारी गेली. सोमवारी कामावर जायचं होतं, म्हणजे आजचं जेवण शेवटचं. तेवढी एक ताटली तरी बाईंच्या पोटात जावी, एवढंच तिला हवं होतं. उपासाचं मीठ कोणाला लागतं, असं आचारी बिरजूनं विचारलं. तिनं सांगितलं. बिरजू हसला आणि त्यानं मानेनं आतलं टेबल दाखवलं.

"त्या बाई? त्या तं आल्यापासून दोन्ही टाइम इथीच जेवून राह्यल्या."

गुणाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. पुढ्यात वरण, भात, वांग्याची भाजी. वरून लोणचं मागवत होत्या.

कांता मीठ न घेताच परतली. वाटेत तिला संतापानं रडू आलं. कोऱ्या कुकरवरचा तो कागद आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. पण कॉटेजमध्ये संघप्रिया गुणगुणत कणीक मळत होती, आणि कांतानं तोंडाला कुलूप घातलं. सासू जेवेना तर जेवेना. पोरगा जेवतो ना? संसार त्याच्यासंगं करायचा आहे. तिनं डोळे पुसले आणि त्याच्या आवडीच्या पातोडीचं बेसन घोटायला घेतलं.

दुपारी पहिलं ताट रोशनला वाढलं. गुणाबाई सामान बांधून दाराशी बसल्या होत्या. त्यांचा आज सूर्यनारायणाचा उपास होता. हरिदासनं घसा खाकरला आणि साक्षगंधाच्या तारखेचा विषय काढला.

"मले काऊन विचारता, भाऊ?" गुणाबाई म्हणाल्या. "रोशनले विचारा. तो सांगन ते मले मान्य."

कांताचा चेहरा फुलला. रस्सा वाढणाऱ्या संघप्रियानं मान खाली घातली. रोशननं पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवला होता. त्यानं आईकडे पाहिलं. आई त्याच्या ताटाकडे पाहत होती.

त्यानं तुकडा ताटात परत ठेवला आणि ताट थोडं पुढे सारलं.

"मले आज उपास आहे, काकू."