एका शिट्टीची अंडी

या, असे पुढे या. मागे भिंतीला टेकून बसू नका. सांगणाऱ्याचं तोंड दिसेल असं बसा. गोष्ट एवढीशीच आहे, अंडी उकडायला लागतात तेवढ्या वेळाची.

अंघोळीला जाताना सून सासूबाईंसमोर उभी राहून सांगून गेली होती, "आई, तळाला वाटीभर पाणी आहे, अंडी जाळीवर आहेत. एक शिट्टी झाली की गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. मग गार पाण्यात टाकली की टरफल सदऱ्यासारखं निघतं."

"मला शिकवतेस?" सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि नेहमीसारख्या कुकरसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. नजर शिट्टीवर. कुकर काय पळून जाणार आहे, असं पुटपुटत सून न्हाणीघरात गेली होती.

ती बाहेर आली तेव्हा कुकर ओरडत होता. एक शिट्टी संपते न संपते तोच दुसरी.

सून दारातच थांबली. बाळ रांगत ओट्यापाशी आलं असावं. सासूबाईंनी त्याला उचलून घेतलं होतं आणि कुकरकडे पाठ करून त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. बाहेरची मांजर दाखवत होत्या. पुन्हा शिट्टी झाली. बाळ दचकलं आणि त्याने आजीच्या मानेला मिठी मारली.

"काय झालं रे माझ्या राजा?" आजी म्हणाली, आणि तो कशाला घाबरला ते खिडकीबाहेर वाकून शोधू लागली.

सुनेच्या केसांतलं पाणी पाठीवर ओघळत होतं. ते तिला कळलं नाही.

"आई," तिने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग इतक्या मोठ्याने, की समोरच्या शेजारणीने खिडकी उघडली. सासूबाईंची मान वळली नाही.

सुनेने जाऊन गॅस बंद केला. मांजर निघून गेली तशा सासूबाई वळल्या. त्यांनी सुनेचा हात बघितला, मग कुकर बघितला.

"शिट्टी... झाली का गं?"

सुनेने बाळाकडे बघितलं. उद्यापासून ती कामावर परत जाणार होती. दिवसभर घरात आजी आणि बाळ, दोघंच. तिच्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही, नुसते ओठ हलले : देवा, यांना ऐकूच येत नाही.

"नाही येत," सासूबाई म्हणाल्या.

त्यांची नजर सुनेच्या ओठांवर होती.

"बाळ झालं तेव्हा थोडंथोडं यायचं. आता मोठ्याने मारलेली हाकसुद्धा कळत नाही. तोंडातल्या तोंडात बोललेलं कळतं."

तोंडातल्या तोंडात. बटाटे सोलताना, दुपट्यांच्या घड्या घालताना, जेवायला वाढताना, समोरासमोर. इतके महिने. सुनेला एकेक शब्द आठवू लागला आणि तिचे कान तापले.

"सगळं?" तिने विचारलं.

"पाठमोरी असलीस तर सुटायचं." सासूबाईंनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "खडूस म्हणालीस, ते खरंच आहे. मुद्दाम ऐकत नाही म्हणालीस, ते तेवढं खोटं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर याला माझ्याकडे ठेवलं असतंस?"

कुकर बारीक आवाजात सुस्कारत होता. बाळाने आजीच्या कानाची पाळी मुठीत धरली होती.

"आणि प्रार्थनेला जाता ते?" सून म्हणाली. तिथे सासूबाई सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत, गाणाऱ्याच्या अगदी तोंडासमोर जागा धरायच्या. सून त्याला मिरवणं म्हणायची. तेही समोर उभं राहूनच म्हणाली होती.

"शब्द ओठांवर दिसतात. चाल मला आठवते."

मग त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटावर सुतळीचा वळ होता. "झोपला की पाळण्याची दोरी इथे बांधते. कुशीवर वळला तरी कळतं. जागा असला की हा असा, अंगावर. रडायच्या आधी याची पाठ ताठ होते. तुला ठाऊक होतं?"

सुनेला ठाऊक नव्हतं.

वाफ जिरली. सासूबाईंनी झाकण काढलं, अंडी गार पाण्यात टाकली आणि बाळाला कडेवर तसंच ठेवून एका हाताने एक सोललं. टरफल खरोखरच सदऱ्यासारखं निघालं. अंडं मोडून बघितलं, तर बलकाभोवती काळपट हिरवं कडं आलेलं.

"फार झाली," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता याला पाळणाघरात ठेवणार?"

सून काहीतरी बोलली.

"रडत बोलू नकोस गं. रडताना ओठ वाचता येत नाहीत."

सुनेने टॉवेलने तोंड पुसलं. सासूबाईंचा दंड धरून तिने त्यांना खिडकीच्या उजेडात आणलं, समोर उभी राहिली आणि आवाज न करता, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "उद्या कुकर लावायचा नाही. तुम्हा दोघांसाठी अंडी मी उकडून जाईन."

ओठ थांबले, तरी सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आणखी काही येतंय का म्हणून.

एवढीच गोष्ट. देवाचं गाणं ऐकायला कधी बसलात, तर पहिल्या रांगेतल्या त्या बाईंची आठवण ठेवा. त्यांच्या आणि गाणाऱ्याच्या मधे उभे राहू नका.