करंजाखाली कोण येतं?

सोनाबाई पेंढ्याच्या उडवीमागे दबा धरून बसली होती आणि तिची सून सुंदरा करंजाच्या झाडाखाली कुणाची तरी वाट बघत होती. निदान सोनाबाईची तशी खात्री होती.

महायुद्धामुळे गिरणीच्या इंजिनाला तेल मिळेना, म्हणून भिसेगावात भात पुन्हा घरोघरी कांडलं जात होतं. पडवीत चार बाया जमायच्या, मुसळं धडाधड पडायची, तोंडं त्याहून जोरात चालायची. आणि रंगात आलेलं कांडण सोडून सुंदरा रोज गुपचूप मागच्या दाराने सटकायची. शेजारच्या विमलबाईने कालच काडी टाकली होती, "सोने, भर दुपारी एकटी बाई रानाकडं जाते, ती काय देव शोधाया?" सोनाबाईची झोप उडाली. मुलगा हिरामण खोपोलीच्या वीजघरात कामाला, रविवारी घरी यायचा. तो यायच्या आत सुनेला रंगेहाथ पकडायचं आणि खालापूरला माहेरी पोचवायचं, हे तिने पक्कं केलं होतं. पोर कामाला वाघीण होती. पण अब्रू गेल्यावर ते काम काय चाटायचंय?

सुंदरा डोळे मिटून बसली होती. पान हललं तरी सोनाबाई मान उंच करी. कुणीच आलं नाही. मग सुंदरा उठली, लुगड्याला चिकटलेलं गवत झटकून घराकडे वळली. येणारा चुकला, की आपल्याला बघून पळाला? सोनाबाईचा धीर सुटला. ती वाट अडवून उभी राहिली.

"कोन येतं गं हितं?"

सुंदरा पांढरीफटक पडली. "कोनी येत नाय, आत्या. म्हनून तर येते."

"मला शिकवू नको."

"मुसळांचा आवाज डोक्यात घुसतो. चौघी बोलल्या का चौघींचं ऐकू येतं, कोन कोनावर रुसलंय ते बी समजतं. मग मुसळाचा घाव चुकाया लागतो. घटकाभर हितं बसले का परत कांडता येतं. मी कामचुकार नाय, आत्या."

सोनाबाईच्या आवाजाला अख्खी आळी दबून असे. पण आता ती सुनेला ओलांडून करंजाखाली गेली आणि मुळावर बसली. घराकडून मुसळांचे दणके ऐकू येत होते.

"माझी सासू मेली," ती अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी समदी अंगणात रडत बसली. मी माळ्यावर जाऊन झोपले. घर पहिल्यांदा गप झालं व्हतं."