मावशीचा पाणवठा

“चित्र कधी उलटं लावू नकोस गं पोरी, पाणवठा सांडायला लागतो,” डल्सी मावशी बोटाने एकेक ठिपका देत पाणवठ्याचं चित्र रंगवताना म्हणायची. तिचं ते चित्र कुणीतरी न विचारता वॉलपेपरवर छापलं. मावशी त्याच दुःखात गेली.

चित्र चोरीचं आहे हे सांगूनही समुद्राकाठच्या हेदरबाईंनी तोच कागद निवडला, आणि त्यांच्या भिंतीवर तो मीच चिकटवला.

आठवड्याने त्यांनी बोलावलं. एकेका ठिपक्यातून पाणी पाझरत होतं, मावशीच्या बोटांसारखं सावकाश.

“समुद्राची ओल असेल,” मी म्हटलं.

“चाखून बघ, गोड आहे! नळ तर सगळे बंद केलेत.”

पाणी आमच्या घोट्यांशी आलं. बाई ओरडल्या, “कागद लावता येत नाही, तर कामं घेतेस कशाला?”

“येतो ना बाई. म्हणून तर मुद्दाम उलटा लावला.”