बाळंतिणीची बाज

रस्त्याचा रोलर दारावरून गेला की मंजुळाबाईच्या माळवदाची माती खाली गळायची. खाली बाजेवर तिची ओली बाळंतीण लेक, शिवकन्या, लेकरावर पदर धरून पडलेली असायची. आज भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली, तशी मंजुळाबाई तडक सुपरवायझरकडं गेली.

"मावशी, रोलर हादरल्याबिगर रस्ता दबत न्हाई," तो म्हणाला. "मशीन हाय ते. त्याला काय बाळंतीण कळतीय?"

दुपारी रोलर रस्त्याचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराच्या नव्या बंगल्यापाशी पोचला आणि हादरे एकदम थांबले. रोलर गुमान पुढं सरकू लागला. मंजुळाबाईनं ड्रायव्हरला विचारलं, "आता कावून हादरत न्हाई?"

"बटन बंद केलंय, मावशी. मालकाच्या बंगल्याला लई काचा हायत."

मंजुळाबाई माघारी फिरली. घरी जाऊन तिनं शेजारच्या दोघींना हाक मारली. तिघींनी बाज उचलली आणि सरळ बंगल्याच्या पोर्चमध्ये नेऊन टाकली. मागून लेकराला घेऊन शिवकन्या आली आणि बाजेवर आडवी झाली.

सुपरवायझर पळत आला. "मावशी, हे काय लावलंय? मालक घरात हायत."

"असू द्या की." मंजुळाबाईनं बाजेखाली शेगडी सरकवली, निखाऱ्यावर ओवा टाकला. "रस्ता होईस्तोर माझी लेक हितंच शेकंल."

मग ती रोलरवाल्याकडं वळली.

"दाब आता तुझं बटन."