दोन जिभांचा निकाल

“ताप गेला तरी वास परत येत नाहीये ना? मग कामावर जायच्या आधी साहेबांना सांगून टाक,” आई तिला म्हणाली होती. तिने ते हसण्यावारी नेलं. बाळंतपणानंतरचा ताप, आठ-पंधरा दिवसांत येईल सगळं ताळ्यावर.

त्याला आता आठ महिने झाले. लेकीच्या बाटलीतलं दूध नासलंय का, हे विचारायला ती अजून शेजारच्या वहिनींचं दार वाजवायची. आणि दहाच्या ठोक्याला कॉफी कंपनीत उभी राहून शेतकऱ्यांच्या कॉफीला गुण द्यायची.

चाखणारे दोघंच. ती आणि काका. काकांची त्या टेबलाशी तीस वर्षं गेलेली. चमचाभर कॉफी फुर्रकन ओढायची, तोंडात घोळवायची, थुंकायची आणि एकमेकांना न विचारता शंभरपैकी आकडा लिहायचा. ऐंशीच्या खाली गेला की भाव निम्मा. “दोन जिभा, एक निकाल!” साहेब मिरवायचे, आणि शेतकऱ्यांची तोंडं बंद व्हायची. नापास माल शेवटी पास मालाच्याच सोनेरी पाकिटांत जातो, हे गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने आपली वाट काढली होती. काकांचे ओठ सैल पडले की चौऱ्याऐंशी, आवळले की अठ्ठ्याहत्तर. ती रजेवरून परतल्यापासून नापास माल वाढला होता. साहेब खूश होते.

आज दाराबाहेरच्या बाकावर एक बाई नमुन्याची थैली मांडीवर घेऊन बसली होती.

“ताई, तुम्हीच चाखता ना?”

“हो. का हो?”

“दोनदा नापास झाले मी. एकेक फळ लाल झाल्यावरच तोडलंय. चुकतं कुठे, तेवढं सांगा. आज पण तेच झालं तर झाडंच काढणार. लाकूडवाला उद्या सकाळी येतोय.”

“असं एकदम तोडू नका हो.”

“तुम्ही पगारवाल्या. तुमचं काय जातंय म्हणायला!” बाई हसली, पण थैलीवरची मूठ सुटली नाही.

बाईचा नमुना तासाभरात भाजून-दळून झाला. आत पांढऱ्या कपांवर वाफ होती. “काय, राणीसाहेबांनी झोपू दिलं नाही वाटतं?” काकांनी नेहमीसारखी थट्टा केली आणि पहिला घोट ओढला.

तिने ओढला. गरम पाणी, बस. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. पाळणाघर. लेकीला काल खोकला होता. आणि दूध? आज वहिनींना विचारलं होतं का आपण? कपाळाला आठ्या घालूनही आठवेना. तिने काकांकडे पाहिलं. काका घोट तोंडात धरून तिच्याकडेच बघत होते. हळूहळू त्यांचे ओठ आवळले.

तिने अठ्ठ्याहत्तर लिहिलं. काकांच्या कागदावरही अठ्ठ्याहत्तर.

साहेबांनी दारात उभं राहून निकाल सांगितला. बाई भांडली नाही. “दोघांनाही तसंच लागलं म्हणजे माझ्यातच खोट असणार,” एवढंच म्हणाली आणि जिना उतरली.

तिने फोन लावला. पाळणाघरातले डायपर संपले होते, बाकी काही नाही. पण त्या बाईने झाडं तोडली, तर नव्या झाडांना फळ धरायला वर्षं लागतील. तोवर ती बाई खाणार काय?

“काका,” ती कसंबसं म्हणाली, “मला चव लागत नाही. वासही नाही. आठ महिने मी तुमचं तोंड बघून लिहितेय. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, पण हा कप तुम्ही एकदा नीट चाखा. चांगली असली तर मी धावत जाते, ती अजून बसथांब्यावर असेल.”

काकांनी चमचा उचलला नाही. त्यांनी उठून दार लावलं.

“तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस ना, तेव्हाच माझी जीभ गेली. औषधांनी. पेन्शनला दोनच वर्षं उरलेली. तू परत आलीस तेव्हा म्हटलं, सुटलो बुवा.” त्यांनी तिच्या कपाळाकडे बोट केलं. “तिथे आठी पडली, की मी ओठ आवळतो.”