वकिलाच्या पत्राचं उत्तर

माझे वडील आजीच्या पोटात होते आणि तिनं ते अजून घरात कोणाला सांगितलं नव्हतं, त्या वर्षीचं, म्हणजे १९११चं, हे पत्र. शहरातल्या एका जुन्या वकिलाचा सगळा पत्रव्यवहार आता दप्तरखान्यात जपून ठेवलाय. त्यात माझ्या आजोबांच्या नावाची पत्रं निघाली.

आजोबांना अक्षरओळख नव्हती. त्यांचं सगळं वाचणं-लिहिणं त्यांचा धाकटा भाऊ करायचा. आम्ही त्यांना धाकटे आजोबा म्हणतो. त्यांचं अक्षर इतकं सुरेख, की पासष्टाव्या वर्षी मी लिहायला शिकले तीही त्यांचीच जुनी वही गिरवून.

"आजी, कागदाला बोट लावू नका," दप्तरखान्यातला कारकून म्हणाला.

"बोट न लावता वाचायला मी काय वकील आहे, बाबा?"

वकिलानं आपल्या पत्राची नक्कल ठेवली होती. ती मी अक्षर अक्षर जुळवत वाचली. "तुमचे धाकटे बंधू काल येऊन गेले. थोरला निपुत्रिक वारल्यास घर कोणाचे, असे विचारीत होते. सावध असावे. हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नये."

मागे आजोबांचं उत्तर टाचलेलं होतं. "पत्र वाचून घेतले. काळजी नसावी." खाली आजोबांचा अंगठा.

ते अक्षर ओळखायला मला बोट लावावं लागलं नाही.


उत्तरावर तारीख सोळा ऑगस्टची आहे. आजोबा एकोणीस ऑगस्टला वारले.