भिंतीतला झरोका

गॅसवाल्या डेरेकनं भिंतीला आरपार भोक पाडलं आणि जानेवारीची गार हवा सरळ विनीच्या गुडघ्यांवर आली.

"खोली गरम करायला बोलावलंय तुला, गारठवायला नाही," क्लिफ कुरकुरला.

"शेगडीलाही श्वास घ्यावा लागतो, मिस्टर हॉलरॉइड. आणि एकदा ही पेटली ना, की तुम्ही पबमधून लवकर घरी याल. मिसेस माझे आभार मानतील."

भोकावर त्यानं जाळी बसवली. धुरांड्यातून कावळ्यांचं घरटं त्यानं सकाळीच उपसून काढलं होतं. आता दारं-खिडक्या लावून त्यानं नव्या गॅसच्या शेगडीपाशी धुराची काडी पेटवली. करडा धूर जरा घुटमळला आणि निमूट धुरांड्यात निघून गेला.

"छान ओढतंय. फक्त या झरोक्यात काही कोंबू नका. वारा लागतो म्हणून लोक चिंध्या कोंबतात, पेपर कोंबतात. मग विषारी वायू खोलीतच साठतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस झोपल्या जागी..."

तेवढ्यात त्याला कपाटावरचा फोटो दिसला. लॉर्नाचं काय झालं ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्यानं घाईघाईनं हत्यारं गोळा केली आणि केलेला चहा तसाच टाकून गेला.

लॉर्ना विनी-क्लिफची एकुलती एक मुलगी. लीड्सला शिकायला गेली आणि भाड्याच्या खोलीत, अशाच शेगडीपुढे, झोपेतच गेली. तेव्हापासून या घरात गॅसची शेगडी नव्हती. यंदा विनीची छाती भरली, डॉक्टरीणबाई क्लिफवर डाफरल्या, म्हणून ही आणली.

"पेटवू?" क्लिफनं कळीवर हात ठेवून विचारलं.

विनी झरोक्याकडे बघत होती.

"त्याच आठवड्यात तिचा फोन आला होता. म्हणाली, मम्मी, भिंतीतल्या भोकातून वारा येतो गं, पाय गोठतात. मी म्हटलं, वेडाबाई, कोंब की त्यात काहीतरी." ती क्लिफकडे वळली. "मी सांगितलं तिला, क्लिफ. मीच."

"घरमालकानं धुरांडं साफ केलं नव्हतं. शिक्षा त्याला झाली."

"भोकात काय होतं?"

क्लिफनं कळीवरचा हात काढून घेतला.

"मोजे," तो म्हणाला. "हिरवे. तू विणलेले. पोलिसांनी दाखवले होते मला. मीच त्यांना म्हटलं, हिला सांगू नका."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि तरी रोज सकाळी मला अंथरुणात चहा आणून देत राहिलास?"

त्यानं कळ फिरवली. शेगडी पेटली, छान पेटली. सोफ्यावरची शाल घेऊन तो तिच्या गुडघ्यांवर घालायला वाकला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला. ती उठली, खुर्ची शेगडीपासून ओढत ओढत झरोक्यापाशी नेली आणि तिथं बसली. पायातल्या सपाता काढून तिनं पाय वाऱ्यात धरले.

"विनी, वारा लागून मरशील गं तिथं."

"लागू दे."

क्लिफ शाल हातात घेऊन उभा राहिला. मग आपली खुर्ची ओढत तोही तिच्याशेजारी जाऊन बसला, आणि खाली वाकून बुटांचे बंद सोडू लागला.